रोज त्याच वेळी नळी जाम होते: पंपाने मारायच्या गिलाव्याचा माल नेमका कुठे बिघडतो

पंपाने बाहेरचा गिलावा मारणाऱ्या कुणालाही विचारा, साइटवर सगळ्यात जास्त शिव्या कोण खातं? पंप. सकाळचे तीन-चार घाणे (मिक्सरमध्ये एका वेळी कालवलेला माल म्हणजे एक घाणा) सुरळीत जातात, मग माल उडवणारी गन धापा टाकायला लागते. फस्स करून हवा, मग थोडा माल, मग पुन्हा हवा. दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा चढतो आणि नळी बसते, म्हणजे जाम होते. नळी सोडा, झटका, धुवा, परत जोडा, यात अर्धा-पाऊण तास जातो. तोवर मिक्सरमधला माल आवळलेला असतो आणि भिंतीवर मारलेल्या पट्ट्याची कड सुकून सांध्याची जागा दिसायला लागलेली असते.

अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, "माल घट्ट आहे, पाणी वाढव." पाणी वाढवून जाम झालेल्या जेवढ्या नळ्या मी सोडवल्यात, तेवढ्या घट्ट मालाने जाम झालेल्या सोडवलेल्या नाहीत. का, ते खाली येईलच.

त्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा, अर्धा शोध तिनेच लागतो. जाम रोज साधारण त्याच *वेळी* होत असेल तर दोष मालात शोधा. रोज त्याच *जागी* होत असेल तर नळीत शोधा.

आत्ता नळी बसलेली असेल तर

पंप बंद, कंप्रेसर बंद. पंप उलटा फिरत असेल तर काही सेकंद उलटा चालवून दाब उतरवा. काटा शून्यावर आल्याशिवाय कपलिंगच्या (नळ्यांच्या जोडाच्या) लिव्हरला हात लावायचा नाही. आणि काट्यावरही डोळे झाकून विश्वास नको, गेजचं तोंड मालाने बुजलं असेल तर तो शून्यच दाखवणार. पंपापासून पुढे नळी हाताने दाबत जा. ती ताठ फुगलेली लागली तर दाब अजून आत आहे. कपलिंगवर ओलं पोतं टाका, गॉगल लावा, चेहरा बाजूला ठेवा आणि लिव्हर हळूहळू सैल करा.

जाम काढायला कंप्रेसरची हवा सोडण्याचा मोह होतो. सोडू नका. अडकलेला गोळा एकदम सुटला की बंदुकीच्या गोळीसारखा निघतो आणि मोकळं तोंड सापासारखे फटके मारतं. गनच्या तोंडात डोकावून बघणं तर अजिबात नको. सिमेंटचा ओला माल तीव्र अल्कधर्मी असतो, त्याचा पीएच १२ च्या वर जातो. डोळ्यात गेलाच तर निदान १५-२० मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवत राहायचं आणि डॉक्टर गाठायचा. "चुरचुरतंय थोडं, जाईल" म्हणून काम चालू ठेवायचं नाही.

जाम कुठे आहे ते शोधणं सोपं असतं. पंपाच्या बाजूने नळी टणक लागते, जामच्या पुढे ती मऊ पडते. बहुतेक वेळा जागा कपलिंगची, रिड्यूसरची (मोठी नळी लहान नळीला जोडणाऱ्या तुकड्याची) किंवा एखाद्या आवळलेल्या वळणाची निघते. तिथे नळी वाकवून आणि लाकडी हातोडीने हलके ठोकून गोळा मोकळा करा.

निघालेला गोळा फेकून देऊ नका. घमेल्यात काढा आणि नीट बघा. गोळा कोरडा, जाड वाळूचा असेल आणि बोटाने चुरल्यावर कचखडीसारखा करकर वाजत असेल, सिमेंट नावालाही नसेल, तर सिमेंट-पाण्याचा लगदा वाळूला सोडून पुढे पळालेला आहे. आत करड्या रंगाच्या कडक खपल्या सापडल्या तर तो जुना माल आहे, मिक्सरच्या पात्यांवरून किंवा काल नीट न धुतलेल्या नळीतून सुटलेला. मालात घातलेल्या फायबरच्या धाग्यांचा बोळा असेल तर तो ओळखू येतोच. गोळा सगळीकडे सारखाच, पण कोमट आणि आवळलेला लागला तर माल नळीतच धरायला, म्हणजे कडक व्हायला, लागला होता. या चारही दुखण्यांचे उपाय वेगळे आहेत. सगळ्यांना मिळून "पाणी वाढव" हा एकच उपाय लागू पडत नाही.

नळीत काय चालतं

पंप खरं तर वाळूला ढकलत नाही. तो सिमेंट, चुना आणि पाणी यांच्या लगद्याला ढकलतो आणि तो लगदा वाळूचे दाणे अंगावर घेऊन पुढे सरकतो. नळीच्या आतल्या भिंतीलगत या लगद्याचा पातळसा थर असतो, त्यावरून अख्खा माल घसरतो. हा थर टिकला की काम चालतं.

लगदा कमी पडला किंवा फार पातळ झाला की दाबाखाली तो दाण्यांच्या फटींतून निसटून पुढे जातो. मागे राहिलेले दाणे एकमेकांना भिडतात आणि नळीच्या भिंतीला टेकून कमान धरतात. तुम्ही दाब वाढवला की कमान आणखी घट्ट बसते. म्हणून जाम व्हायला लागल्यावर पंपाचा वेग वाढवणं म्हणजे पाचर ठोकण्यासारखं आहे.

पाणी वाढवून हाच घोळ होतो. लगदा पातळ केला की तो दाण्यांना सोडून निसटायला आणखी सोकावतो. हॉपरमध्ये (पंपावरच्या माल ओतायच्या पेटीत) माल छान सैल दिसतो, गनमधून पहिले काही मीटर झकास येतो आणि मग नळी पुन्हा बसते. वर भिंतीवर गेलेला माल ओघळतो, सुकताना जास्त आकसतो आणि तडे पडतात ते वेगळंच.

तपासायची एक साधी रीत. मूठभर माल जुन्या सुती फडक्यात घ्या, वरून पीळ द्या आणि जोरात आवळा. फडक्यातून आधी स्वच्छ पाणी टपटपायला लागलं तर हा माल पंपात दगा देणार. करडा, चिकट लगदा फडक्याच्या विणीतून पाझरून बोटांना माखला तर माल पाणी धरून आहे. पंपात टाकण्याआधी पहिल्या घाण्याला हे एवढं करायला मिनिटही लागत नाही.

वाळू: खरं दुखणं बहुधा इथेच

एका साइटवर आमची नळी रोज अकरा ते बाराच्या दरम्यान बसायची. रोज. स्टेटर (पंपातला माल पुढे ढकलणारा रबरी भाग) बदलला, नळ्या बदलल्या, गन बदलली. पंप भाड्याने देणारा म्हणे तुमची माणसं अडाणी, माणसं म्हणत पंप खटारा. चार दिवस असे गेल्यावर मी सकाळपासून मिक्सरजवळ नुसता उभा राहिलो.

वाळूचा ट्रक रोज संध्याकाळी खाली व्हायचा आणि वाळूचा शंकूसारखा ढीग पडायचा. असा ढीग पडताना बारीक वाळू मधे आणि वर राहते, जाड दाणे घरंगळत पायथ्याला जमतात. सकाळी बिगारी सोयीचं म्हणून वरून आणि मधून फावडी भरायचे. अकराच्या सुमारास वरचा भाग संपायचा आणि पायथ्याची जाड वाळू मिक्सरमध्ये जायला लागायची. प्रमाण तेच, पाणी तेच, सिमेंट तेच, पण घाणा वेगळाच. त्यात माल "रखरखीत" वाटला की मिक्सरवाला पाणी वाढवायचा. संध्याकाळी नवा ट्रक आला की दुसऱ्या दिवशी तोच खेळ. उपाय काय निघाला? ट्रक आला की ढीग एकदा फावड्याने उलथापालथ करून पसरून घ्यायचा आणि भरताना एका बाजूने उभा छेद घेत, वरपासून खालपर्यंतची वाळू एकत्र उचलायची. स्टेटरचे पैसे गेले ते गेलेच.

पंपाला वाळू कशी लागते? सगळ्या मापांचे दाणे असलेली. मोठ्या दाण्यांच्या फटीत मधले, मधल्यांच्या फटीत बारीक, आणि उरलेल्या फटीत लगदा. मधलं एखादं माप गायब असेल तर फटी मोठ्या राहतात आणि त्या भरायला लगदा पुरत नाही. बारीक भाग तर फारच महत्त्वाचा. काँक्रीट पंपिंगमध्ये ठोकताळा आहे की वाळूपैकी १५ ते ३० टक्के ०.३ मिमीच्या चाळणीतून आणि ५ ते १० टक्के ०.१५ मिमीच्या चाळणीतून खाली यायला हवी. गिलाव्याची नळी काँक्रीटच्या नळीपेक्षा कितीतरी बारीक असते, तेव्हा निदान एवढी तरी अपेक्षा ठेवा. हाताने थापताना ही उणीव दिसत नाही, कारण थापी दाब देऊन लगदा वर काढते. पंप ती पहिल्या तासात दाखवतो.

चाळण्यांचा संच नसेल तर पाण्याची चाचणी करा. पूर्ण वाळवलेली वाळू एक लिटरच्या मापात हलवत, ठोकत काठोकाठ भरा. मग मोजून पाणी ओता, वर पाण्याची चकाकी दिसेपर्यंत. जेवढं पाणी मावलं तेवढ्या फटी. एकाच मापाच्या वाळूत ४०० मिलीच्या आसपास पाणी जातं, चांगल्या मिसळीच्या वाळूत ते ३०० ते ३५० मिलीपर्यंत उतरतं. दोन ठिकाणच्या वाळू वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून हेच करत राहा. ज्या मिसळीत सगळ्यात कमी पाणी मावतं ती पंपाला सगळ्यात सोयीची. एका दुपारचं काम आहे, पण पुढचे कित्येक दिवस वाचतात.

क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, वापरत असाल तर जास्त सावध राहा. तिचे दाणे टोकदार आणि चपटे असतात, एकमेकांत अडकतात आणि स्टेटरचं रबरही लवकर खातात. तिला नदीच्या गोल दाण्याच्या वाळूपेक्षा जास्त लगदा लागतो. थोडी बारीक गोल वाळू मिसळता आली तर फरक लगेच गेजवर दिसतो.

आता उलटा सापळा. मातकट वाळू पंपाला फार आवडते. मातीमुळे माल लोळत जातो, एकदाही जाम होत नाही आणि सगळे खूश असतात. महिन्याभराने भिंतीवर जाळीदार तडे येतात. काचेच्या उभट बरणीत वाळू आणि चिमूटभर मीठ घातलेलं पाणी घालून जोरात हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूवर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या ६ ते ८ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ती वाळू धुवा किंवा परत पाठवा. पंप सुरळीत चाललाय एवढ्यावरून माल चांगला म्हणू नये.

मोठ्या खड्यांबद्दल फार सांगायला नको, चाळणी मारायची. पण लक्षात घ्या, अरुंद जागा नळी नसून गनचं नोझल आहे. १० मिमीच्या नोझलमध्ये ५ मिमीचे दोन खडे शेजारी शेजारी आले तरी तिथे कमान धरतात. हॉपरवरची जाळी काढून ठेवायची सवय असलेल्यांनी ती परत बसवावी. "जाळीने काम हळू होतं" हे मी खूप ऐकलंय, बहुतेक वेळा नळी झटकत बसलेल्या माणसाकडून.

ओल्या वाळूची फसवणूक

वाळू ओलसर असली की फुगते. दाण्यांभोवतीची पाण्याची पातळ साय त्यांना दूर ढकलते, त्यामुळे वजन तेवढंच राहून घनफळ वाढतं. पाच-सहा टक्के ओलाव्याला ही वाढ सहज २० ते ३० टक्के होते, बारीक वाळूत त्याहून जास्त. गंमत म्हणजे वाळू पाण्यात पूर्ण बुडाली की ती परत मूळ घनफळावर येते.

हिशेब करून बघा. ५० किलोच्या पोत्यात साधारण ३५ लिटर सिमेंट असतं. एकास चार म्हणून तुम्ही १४० लिटर वाळू मोजली. ती २५ टक्के फुगलेली असेल तर खरी वाळू गेली ११२ लिटर, म्हणजे माल झाला एकास ३.२. हा माल तेलकट, चिकट आणि आकसणारा. शिवाय त्या वाळूने आठ-नऊ लिटर पाणी स्वतःबरोबर आणलं, ते वेगळंच. दुपारी उन्हाने वाळू सुकली की तेवढ्याच मापात जास्त वाळू येते, पाणी मात्र येत नाही. सकाळचा माल सैल आणि सिमेंट जास्त, दुपारचा रुक्ष आणि वाळू जास्त. रोज दुपारी जाम होणाऱ्या पंपाचं हे दुसरं नेहमीचं कारण.

किती फुगली ते मोजणं सोपं आहे. मोजपात्रात ओलसर वाळू न दाबता २०० मिलीपर्यंत भरा. मग पाणी घालून ढवळा आणि बसू द्या. वाळूची पातळी १६० वर आली तर ४० भागिले १६०, म्हणजे फुगवटा २५ टक्के. मग मापात चारऐवजी पाच भाग वाळू घ्या. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा करा.

त्याहून सोपा उपाय म्हणजे ओलावा बदलूच द्यायचा नाही. ढिगावर ताडपत्री टाका, पावसासाठीही आणि उन्हासाठीही. आणि मोजायचं फावड्याने नाही. फावडं भरणाऱ्याच्या हाताप्रमाणे, भुकेप्रमाणे आणि मूडप्रमाणे बदलतं. लाकडी पेटी किंवा खूण केलेली बादली घ्या. पाण्यालाही नळी सोडून अंदाजाने नको, बादलीवर रंगाची रेघ मारा.

पिशवीतला तयार कोरडा माल आणि सलग मिसळणारं यंत्र वापरत असाल तर वाळूची ही सगळी कटकट नाही, पण मग पाण्याचा दाब हाच तुमचा फावडेवाला. शेजारच्या कुणी त्याच लाइनचा नळ उघडला की मीटरवरची धार पडते आणि कोरडा माल आत जातो. यंत्राला स्वतंत्र टाकी आणि बूस्टर द्या आणि पाण्याच्या वाटेवरची छोटी जाळी रोज सकाळी धुवा.

मिक्सरमध्ये काय आधी, काय नंतर

क्रम चुकला की प्रमाण बरोबर असूनही माल गुठळ्यांचा होतो. आधी ठरलेल्या पाण्यातलं बहुतेक पाणी, मग निम्मी वाळू. ती फिरताना मिक्सरच्या आतल्या बाजू घासून साफ होतात. मग सिमेंट आणि चुना, मग उरलेली वाळू, आणि शेवटी राखून ठेवलेलं पाणी बघून बघून. कोरडं सिमेंट आधी आणि त्यावर पाणी टाकलं की कोपऱ्यात त्याचे आतून कोरडे गोळे राहतात. ते हॉपरच्या जाळीतून ढकलले जातात आणि नोझलला जाऊन बसतात.

सगळं पडल्यावर घड्याळ लावून तीन ते पाच मिनिटं फिरवा. कमी फिरवलं तर लगदा तयार होत नाही. जास्त फिरवलं, त्यातही हवा धरणारं औषध घातलेलं असेल तर मालात हवा भरत जाते. हवेचा माल हॉपरमध्ये मऊ, फुललेला दिसतो, पण पंपाचा जोर हवेचे बुडबुडे दाबण्यातच जातो. पंप फिरतोय आणि गनला माल उशिरा, धक्क्या-धक्क्याने येतोय असं दिसलं तर ठरावीक मापाच्या डब्यात माल भरून वजन करा. सकाळच्या चांगल्या घाण्यापेक्षा तोच डबा बराच हलका भरला तर हवा जास्त झाली आहे. औषधाचं माप कमी करा आणि मिक्सर फिरता ठेवून जेवायला जाऊ नका.

कधी कधी नीट मिसळलेला माल पाचेक मिनिटांत अचानक आवळतो आणि सगळे घाबरतात. सिमेंट दळताना गिरणी फार तापली तर त्यातल्या जिप्समचं पाणी उडतं. मग साइटवर पाणी मिळाल्यावर तेच जिप्सम आधी धरतं. हे खोटं धरणं. अशा वेळी पाणी अजिबात न घालता मिक्सर परत दोन-तीन मिनिटं फिरवा. माल पुन्हा सैल झाला आणि तसाच राहिला तर काम चालू करा. पुन्हा फिरवूनही सैल होत नसेल, उष्णता जाणवत असेल, तर सिमेंट खरंच धरतंय. तो घाणा पंपात घालू नका. धरायला लागलेल्या मालात पाणी घालून परत सैल करणं म्हणजे भिंतीवर भुसभुशीत गिलावा मारणं.

चुन्याबद्दल माझं मत पक्कं आहे. पंपाच्या मालात चुना हवा. तो पाणी धरून ठेवतो, लगद्याला अंग देतो आणि वाळूला सोडून पळू देत नाही. साधी चुन्याची पूड रात्रभर पाण्यात भिजवून लोण्यासारखी करून घातली तर फरक हाताला कळतो. चुना मिळत नसेल तर सेल्युलोजची पूड येते, तीही पाणी धरते. पण तिचं माप पिशवीवर लिहिलंय त्याच्या वर नेऊ नका, माल गोंदासारखा होतो, हवा धरतो आणि रंध्याला चिकटतो.

फायबर सगळ्यात शेवटी, मिक्सर फिरत असताना, हाताने मोकळं करून भुरभुरायचं. अख्खं पाकीट एकदम टाकलं की बोळे होतात, आणि ते हॉपरमध्ये दिसत नाहीत, रिड्यूसरलाच सापडतात.

वरचा रंगीत हात

फिनिशच्या कामात जामपेक्षा छटेची कटकट जास्त, पण मूळ तेच: घाणा घाण्यासारखा नाही. सिमेंटच्या रंगीत मालात पाणी जास्त झालं की रंग फिका पडतो, कमी झालं की गडद. म्हणून पाणी मोजून आणि एका भिंतीचा माल एकाच दिवशी, एकाच माणसाच्या हातून. रंगाची पूड सिमेंटच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या वर नेऊन उपयोग नाही. रंग वाढत नाही, ताकद मात्र घटते.

बादलीतून येणाऱ्या ॲक्रिलिक फिनिशला वेगळी वागणूक लागते. वेगवेगळ्या बादल्या एका मोठ्या पिंपात एकत्र करून घ्या म्हणजे छटेचे पट्टे दिसत नाहीत. हळू फिरणाऱ्या ड्रिलने, पातं बुडालेलं ठेवून ढवळा. जोरात फिरवलंत तर फेस येतो आणि भिंतीवर सुईच्या टोकाएवढी छिद्रं राहतात. झाकण उघडल्यावर वर आलेली साय आत ढवळू नका, ती उचलून टाका. बादलीच्या काठावर सुकलेला माल खरवडून आत पाडला की तो नोझलला बसणारच. पाणी घालावं लागलंच तर सगळ्या बादल्यांत सारखं, मापाने, आणि कंपनीने सांगितलेल्या हद्दीत.

जागा तीच असेल तर

मालात काही सापडलं नाही आणि जाम रोज त्याच कपलिंगला होतोय, तर त्या कपलिंगचं रबर बघा. घासलेल्या रबरातून पाणी थेंब थेंब बाहेर गळतं. बाहेरून फक्त ओलसर डाग दिसतो, पण आत तेवढ्या जागी माल कोरडा पडून वाळूची कमान तयार होत असते. आम्ही एकदा ज्या नळीला दोन दिवस बदडत होतो, तिचं दुखणं असल्या क्षुल्लक रबराचं होतं.

मोठ्या नळीतून एकदम लहान नळीत जाणारं आखूड रिड्यूसर काढून लांब, निमुळतं लावा. वळणं ऐसपैस द्या. परांचीच्या कडेवरून नळी मुडपून लटकू देऊ नका, तिथे बांधून आधार द्या. उंची वाढेल तसा दाबही वाढतो, दर १० मीटरला नुसता माल वर चढवायला साधारण दोन बार जातात, ते घर्षणाच्या वर. वरच्या मजल्यांवर गेल्यावर खालचा माल चालत नाही तो यामुळे.

सुरुवातीला नळी कोरडी असताना थेट माल सोडला तर लगदा कोरड्या नळीला आतून चिकटून राहतो आणि पहिल्याच मीटरला गाडी अडते. आधी पाणी, ते काढून टाका, मग बादलीभर चुन्याची किंवा सिमेंटची घट्ट रबडी, आणि तिच्यामागे लगेच माल. ती रबडी भिंतीवर मारायची नाही, घमेल्यात उतरवा. उन्हाळ्यात नळी उन्हात पडलेली असेल तर तिच्यावर ओली पोती टाका. काळी नळी आतला माल सावलीतल्यापेक्षा कितीतरी लवकर आवळते. परांची हलवायला वेळ लागणार असेल तर दर काही मिनिटांनी पंप थोडा फिरवून माल हलता ठेवा. जेवणाची सुट्टी असेल तर नळी रिकामीच करा.

स्टेटरचा संशय असेल तर तो शेवटी घ्या. नेहमीचा माल, नेहमीची नळी असताना गेजचा काटा कुठे राहतो तिथे खडूने खूण करून ठेवा. काटा खुणेच्या वर चढत असेल तर अडथळा पुढे आहे, नळीत किंवा गनमध्ये. काटा खुणेच्या खाली पडत असेल आणि मालही कमी येत असेल तर स्टेटर झिजलाय किंवा हॉपरमध्ये पोकळी धरून पंप हवा ओढतोय. हॉपर निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नका आणि पंप कोरडा एक मिनिटही फिरवू नका. रबर जळायला तेवढं पुरतं.

आणि संध्याकाळी धुताना स्पंजचा गोळा नळीतून एकदाच सोडून भागवू नका. दोनदा सोडा, दुसऱ्या वेळी स्वच्छ पाणी येईपर्यंत. मग प्रत्येक तुकडा उचलून एका टोकाने उजेडाकडे धरा आणि दुसऱ्या टोकातून बघा. आत कुठे करडी कड दिसली, तर उद्या सकाळचा जाम तिथेच आहे, तो आजच काढा.